मंडईचा पाहुणा

खुशाल शहारेंना मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाहुण्यांसमोर चोर म्हणालो. तेही मंडईच्या दिवशी. आमच्याकडच्या माणसाला एवढं सांगितलं तरी तो माझ्याकडे बघून मान फिरवेल. बाकीच्यांना थोडं समजावून सांगावं लागेल.

भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. आज एका गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडारीचा नाच, दुकानं, पाळणे, रात्री नाटक. पण मंडई म्हणजे खरं तर पाहुणे. त्या दिवशी दारात जो येईल तो पाहुणा, मग तो सोयरा असो की सोयऱ्याच्या गावचा कोणी. त्याला बसायला खाट द्यायची, पाय धुवायला पाणी द्यायचं आणि जेवल्याशिवाय सोडायचं नाही. पोरापोरींची लग्नंही याच दिवसांत जुळतात. पोराकडचे लोक मंडईच्या निमित्तानं येतात, पोरगी पाहतात, आणि जुळलं नाही तरी कोणाला वाईट वाटत नाही, कारण म्हणायला ते मंडई पाहायलाच आलेले असतात. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तो दिवस निवडला.

मी खुमेंद्र रहांगडाले. शाळेत गणित शिकवतो. राग माझ्या नाकावर असतो आणि बरीच वर्षं मी तो दागिन्यासारखा मिरवला. वर्गात पाय ठेवला की पोरं गप्प होतात, घरात पाय ठेवला की बायको गप्प होते, यात मला कधी वावगं वाटलं नाही.

२००५ ते २००८ अशी तीन वर्षं आम्ही गोंदियाला लागून फुलचूरला राहिलो, शहारेकाकांच्या घरी वरच्या मजल्यावर. काका रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी ते घर बांधलं होतं. खाली ते, लीलाबाई काकी आणि मुलगी दीप्ती. वर मी आणि माझी बायको रविता. आम्ही राहायला गेलो तेव्हा वरच्या खोल्यांचं प्लास्टर राहिलं होतं, म्हणून त्यांनी माझ्याकडून दहा हजार डिपॉझिट घेतलं. मी पावती मागितली तेव्हा ते हसले. "कागद कायले पायजे गुरुजी? मी कुठं पळून चाललो?"

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. शहारेकाका बौद्ध, आम्ही पोवार, शेतकरी जातीचे. घर पाहताना मला त्यात काही अडचण वाटली नाही, भाडं कमी होतं. पण गावी आईनं विचारलं की घरमालक कोण लोक, तेव्हा मी म्हणालो, "रेल्वेवाले आहेत." आई भेटायला येते म्हणाली की मीच गावी जाऊन यायचो. तीन वर्षांत काकींचा चहा मी कितीदा प्यालो असेन त्याचा हिशोब नाही, पण त्यांच्याकडे जेवायला एकदाही बसलो नाही. दर वेळी माझ्याजवळ काहीतरी तयार असायचं. पोट बरं नाही, उपास आहे, आत्ताच जेवून आलो. काकी कधी खोदून विचारायच्या नाहीत. रविता मात्र खाली जाऊन पोटभर जेवायची आणि मला सांगायची नाही. मीही विचारायचो नाही.

२००८च्या जूनमध्ये संस्थेनं माझी बदली देवरीच्या शाळेत केली. सामान बांधताना मी डिपॉझिटचा विषय काढला. काका जिन्यात उभे होते. म्हणाले, "पोळ्यापर्यंत थांबा जी गुरुजी. पोळ्याले देतो." रविता पाठमोरी बसून पोत्यात भांडी भरत होती. काकाही त्याच महिन्यात फुलचूरचं घर पूर्ण भाड्यानं देऊन आपल्या गावी, अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, शेती पाहायला जाणार होते. मी म्हटलं, ठीक आहे, पोळ्याला द्या.

पोळा आला आणि गेला. मी फोन लावायला लागलो. घंटी जायची, जात राहायची, मग उत्तर मिळत नाही असं ती रेकॉर्डवरची बाई सांगायची. आधी आठवड्यातून एकदा, मग दोन दिवसांनी, मग रोज शाळा सुटल्यावर. एकदा काकींनी उचलला. "ते बांधीत गेले जी, धान पाहाले," म्हणाल्या. आवाज पडलेला होता. "आल्यावर फोन करायला सांगा," मी म्हणालो. फोन आला नाही. इकडे देवरीच्या नव्या घरमालकानं त्याच्या डिपॉझिटसाठी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती आणि रस्त्यात भेटला की तो माझ्याकडे बघून घसा खाकरायचा.

माझं टाळकं सटकत चाललं होतं. रविता एकदा हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना. देतील ते. काका पैसे बुडवणारे नाहीत." (घरी आम्ही पोवारीत बोलतो, इथं मराठीत लिहितोय.)

"जाऊ द्यायला तुझ्या बापाचे आहेत का?" मी म्हणालो.

ती उठून आत गेली आणि शिवणयंत्र सुरू झालं. देवरीला आल्यापासून ती शेजारणींचे ब्लाउज शिवायला लागली होती. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून शिवत असेल.

शाळेतल्या एका सोबत्याला मी हे रडगाणं सांगितलं. त्यानं घरमालकाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग कायले राह्यला त्या लोकाईच्या घरी? गेले समज तुहे पैशे." त्याला तिथंच गप्प करायला हवं होतं. मी पोरांना गप्प करतो, बायकोला करतो, त्याला नाही केलं. उलट ते वाक्य सोबत घरी आणलं. नुसता राग होता तोवर मनाला थोडी शंका तरी येत होती. आता रागाला कारण मिळालं आणि शंका संपली.

काकांच्या गावची मंडई कधी आहे ते मी अर्जुनीकडच्या एका विद्यार्थ्याकडून काढून घेतलं. हिशोब सरळ होता. मंडईच्या दिवशी माणूस घर सोडून जात नाही आणि चारचौघांत नाही म्हणू शकत नाही. तो हिशोब माझाच. त्यात कोणाची फूस नव्हती.

सकाळी देवरीहून निघालो, कोहमाऱ्याला बस बदलली, तिथं उभ्याउभ्या एक कचोरी खाल्ली. अर्जुनी मोरगावहून पुढं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावात पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. चौकात दंडारीचा ढोल वाजत होता. घर विचारत विचारत गेलो. काकी अंगणातच होत्या. मला पाहून त्या क्षणभर थांबल्या, मग पाण्याचा गुंड पुढं केला. "या जी गुरुजी. रविताले नाई आणलं?"

ओसरीवर खाटेवर नि चटईवर चार पाहुणे बसले होते. काका उठून आले, माझा हात धरला आणि सगळ्यांना म्हणाले, "हे आमचे रहांगडाले गुरुजी. फुलचूरले तीन वर्सं आमच्या घरीच होते. आमच्या दीप्तीले बारावीचं गणित यायनंच शिकवलं, एक पैसा नाई घेतला." मग पाहुण्यांची ओळख करून दिली. अर्जुनी मोरगावचे भैयाजी गजभिये, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यांची बायको, तिचा भाऊ, आणि मुलगा चंद्रशेखर, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला. मुलाचा शर्ट नवा होता, घडीच्या रेषा दिसत होत्या. कशासाठी आले आहेत ते विचारायची गरज नव्हती.

मी तिथंच परतायला हवं होतं. निदान जेवायला तरी बसायला हवं होतं. आतून कोंबडीच्या रश्शाचा वास येत होता, काकींनी ताट आणलं.

"मी जेवून आलो," मी म्हणालो.

"मंडईले कोनी जेवून येते का जी?" भैयाजी हसत म्हणाले.

"मी मंडईला आलो नाही. काका, पैशांचं काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलू ना गुरुजी. आधी जेवा."

"आधी पैसे."

"भायेर चला थोडे. पाराजवळ बोलू."

"बाहेर कशाला? इथं काय वाईट आहे?" माझा आवाज वर्गातला झाला होता. "दहा हजार माझ्याकडून घेतले की नाही?"

"घेतले."

"घर सोडून किती महिने झाले? पोळ्याला देतो म्हणाले होते की नाही?"

"म्हनलो होतो."

"दिले?"

या प्रश्नावर काका गप्प झाले. ना हो म्हणाले, ना नाही. खाली पाहत राहिले. मला वाटलं, सापडला. फळ्यासमोर उभं केलेल्या पोराला उत्तर आलं नाही की मला जसं वाटतं तसंच वाटलं, हे लिहून ठेवतो.

"फोन लागतो, तुम्ही उचलत नाही. दुसऱ्याचे पैसे दाबायचे आणि तोंड लपवायचं, याला चोरी म्हणतात, काका. इथं पाहुण्यांना मटण-कोंबडं घालायला पैसे आहेत, माझे द्यायला नाहीत?"

काकी पुढं आल्या. "गुरुजी, तुमाले काई मालूम तरी..."

"लीला, तू चूप राह्य," काका म्हणाले. तीन वर्षांत त्यांना काकींशी त्या आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर येऊन त्यांनी रुमालात बांधलेल्या नोटा माझ्या हातात दिल्या. "मोजून घ्या."

मी मोजल्या. सगळ्यांसमोर, बोटाला थुंकी लावून. भैयाजी माझ्याकडे पाहत नव्हते, ते काकांकडे पाहत होते. "बरोबर आहे," मी म्हणालो, पोराच्या वहीवर खूण करावी तसं. निघताना दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात वड्यांचं ताट घेऊन उभी दिसली. ती बाजूला झाली. अंगणात माझ्या पाय धुतलेल्या जागी अजून ओल होती.

परतीच्या बसमध्ये मी खूश होतो. हेही लिहितो. खिशावर हात ठेवून खूश होतो.

घरी आल्यावर मी नोटा रविताच्या पुढ्यात टाकल्या. "हे बघ. म्हणे बुडवणारे नाहीत. चार माणसांत उभा केला तेव्हा निघाले."

ती नोटांकडे पाहत राहिली. मग विचारलं, "त्यांनी दिले?"

"देतील नाही तर काय करतील? पोरीला पाहायला पाहुणे आले होते."

ती खालीच बसली. जमिनीवर, भिंतीला टेकून. मी दोनदा ओरडलो, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "ओरडू नका. सांगते. पण मधे बोलू नका."

एप्रिलमध्ये तिच्या बाबांचं, माझे सासरे जागेश्वर टेंभरे यांचं, ऑपरेशन झालं होतं. मला माहीत होतं. पैशांची सोय कुठून झाली ते मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर द्यावे लागतील. त्याच्या आधीच्या वर्षी तिच्या भावानं, उमेंद्रनं, माझ्याकडून गाडीसाठी पैसे नेले होते आणि वेळेवर दिले नव्हते. तेव्हा मी त्यांच्या अंगणात जाऊन तमाशा केला होता आणि रविताला बजावलं होतं की यापुढं तुझ्या माहेरी माझा एक रुपया गेला तर तूही तिकडंच राहायचं. तिला तो शब्द न शब्द पाठ होता. मला आठवतही नव्हता.

दवाखान्यात पैसे भरायची वेळ आली तेव्हा ती खाली काकींकडे जाऊन रडली. काकांनी आमचं डिपॉझिट तिच्या हातात ठेवलं. तसेही ते पैसे तुमचेच आहेत, म्हणाले. तिनं त्यांच्याकडून शब्द घेतला की यांना सांगायचं नाही. ती शिवणकाम करून जमवेल, काकींना नेऊन देईल, आणि काका ते माझ्या हातात डिपॉझिट म्हणून ठेवतील. पोळ्यापर्यंत जमतील असं तिला वाटलं होतं. निम्मेही जमले नव्हते. यंत्राच्या खणात एका डब्यात होते, तिनं तो डबा आणून माझ्यासमोर उघडला.

"ते तुमचा फोन उचलत नव्हते, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "मला फोन करायचे, तुम्ही शाळेत गेल्यावर. म्हणायचे, पोरी, गुरुजीले सांगून टाक, तो तुले खाऊन थोडीच टाकेल. मीच म्हणत होते, काका, दिवाळीपर्यंत थांबा."

तिनं मला घाबरून परक्यांच्या घरात तोंड लपवलं होतं, आणि त्या घरच्या माणसानं तिच्यासाठी चोर म्हणवून घेतलं होतं. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. "दिले," एवढंच. मी विचारलंच होतं, दिले का म्हणून. पुढचे चार दिवस मी शाळेत कोणावर ओरडलो नाही. पोरांना वाटलं, मला ताप आहे.

पाचव्या दिवशी पुन्हा कोहमारा, पुन्हा अर्जुनी, पुन्हा ती जीप. मंडई संपली होती, चौकात पाळण्याचे खड्डे तेवढे उरले होते. काका अंगणात दोरी वळत बसले होते. मी रुमाल तसाच पुढं केला, त्यांचाच रुमाल होता. त्यांनी घेतला, न मोजता बाजूला ठेवला आणि दोरी वळायला लागले.

"काका, माझं चुकलं."

"रविताले काई बोलले तर नाई ना?"

"नाही."

"मंग झालं."

दीप्ती पाणी घेऊन आली. पाण्याचा पेला माझ्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली. "सर, तुमी एकडाव घरी तरी विचारून पाह्यचं ना," ती म्हणाली. रागानं नाही, सरळ. मी खाली बघत पाणी प्यालो.

पाहुण्यांचं काय झालं ते मी विचारलं. काका सांगायला तयार नव्हते. काकी दारातून म्हणाल्या, "कळवतो म्हनले. अजून काई नाई. पोरगा राजी होता, बापाचं मन बसून राह्यलं नाई म्हन्ते. रुमालातले पैशे साक्षगंधाचे होते जी गुरुजी. पाहुने गेल्यावर दुकानातून शालू आनाचा होता." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. "सांगते ना. मालूम होऊ द्या."

"मी भैयाजींकडे जातो," मी म्हणालो. "सगळं खरं सांगतो. पैसे रविताला दिले होते म्हणून सांगतो."

काकांच्या हातातली दोरी थांबली. "नाई. तिचं नाव घ्याचं नाई. मी तिले शब्द देल्ला."

"मग दीप्तीचं?"

"होईल ते होईल. पोरीची सोयरीक मोडली तर दुसरी जुळते. तुमच्या बायकोचं नाव सोयऱ्याधायऱ्याईत फिरलं, नवऱ्याले चोरून पैशे घेतले म्हनून, तर ते बिचारी कुठं जाईल?"

मी जीपच्या थांब्यापर्यंत चालत आलो. जीप यायला वेळ होता. गणिताचा माणूस मी, उत्तर एकच निघत होतं आणि ते मला नको होतं. रविताचं नाव घ्यायचं नाही. काकांनी पैसे दिले होते हे तर सांगायचं. मग दिले कोणाला? मलाच. मला मिळाले होते आणि तरी मी पुन्हा मागायला गेलो होतो. दुसरं काही सांगता येत नव्हतं.

दोन जीपा मी सोडल्या. तिसरीत बसलो.

भैयाजी गजभिये अर्जुनीत बाजाराच्या मागच्या गल्लीत राहत. घरी ते, त्यांची बायको आणि चंद्रशेखर होते, तो जेवायला दुकानातून आला होता. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले. बाईंनी पाणी आणलं. मी ते प्यालो, मग उभा राहूनच बोललो.

"शहारेकाकांनी माझे पैसे एप्रिलमध्येच दिले होते. घर सोडायच्या आधीच. मी त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं."

भैयाजींनी चष्मा काढला. "मंग गेले कायले तिथं?"

"वाटलं, मंडईच्या दिवशी पाहुण्यांसमोर माणूस नाही म्हणणार नाही. पावती नव्हती. पुन्हा मिळतील."

यातलं अर्धं खरं होतं आणि तेच जास्त लागलं.

"अन् त्यानं देल्ले?"

"दिले. तुम्ही बसले होते म्हणून दिले. मी आज परत करून आलो."

भैयाजींनी चष्मा पुसून परत लावला. "तीस वर्सं एसटीत तिकिटं फाडली मी," ते म्हणाले. "धाची नोट देऊन शंभराची देल्ली म्हनून भांडनारे लई पायले. त्यात मास्तर नाई पायला कधी." मग विचारलं, "किती पोरं हायेत तुमच्या हाताखाली?"

"दोनशे."

तोंडाशी आलं होतं माझ्या, की मी तसा नाही हो, ऐका, खरी गोष्ट वेगळी आहे. काकांनी हेच त्या दिवशी गिळलं असेल, ओसरीवर, खाली पाहत. चंद्रशेखर मात्र माझ्याकडे नाही, बापाकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"पानी पेलं ना?" भैयाजी म्हणाले. "मंग जा आता."

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तीनदा आला. फोन हातात घेऊन मी घंटी वाजू दिली. भैयाजींनी त्यांना काय सांगितलं असेल ते मला कळत होतं, आणि मला त्यांच्या तोंडून एकही चांगला शब्द ऐकायची लाज वाटत होती. मग त्यांनी रविताला फोन केला आणि साक्षगंध झालं एवढा निरोप दिला. मी भैयाजींना काय सांगून आलो ते मी रविताला बोललो नव्हतो, काकांनीही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर काकांच्या वाकड्या अक्षरात 'रहांगडाले गुरुजी, सहकुटुंब' असं लिहिलं होतं. "मी जाणार," रविता म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." मी गेलो. जाताना गावी थांबलो आणि आईला सांगितलं की आमच्या घरमालकाच्या मुलीचं लग्न आहे, खुशाल शहारेंच्या, बौद्ध आहेत. आईनं वर माझ्याकडे पाहिलं. "रेल्वेवाले ना?" म्हणाली. मग रविताच्या हातात मुलीसाठी एक लुगडं दिलं.

मांडवात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे होते. वंदना झाली, फुलं पडली, पंगती बसायला लागल्या. माझ्या मागं वराकडची मंडळी होती. "हाच तो मास्तर," एकजण म्हणाला, फार हळू नाही. "एकडाव पैशे घेऊन दुसऱ्यांदा मांगाले गेल्ता. अन् आला पाहा जेवाले." दुसरा हसला. मी मागं वळून पाहिलं नाही.

बायकांच्या रांगेतून रविता माझ्याकडे पाहत होती. तिनं ते ऐकलं होतं. तिला आधी अर्थ लागला नाही, मग लागला. ती अर्धवट उठली, त्या लोकांना काही सांगायला. मी मान हलवून नको म्हटलं. ती तशीच उभी राहिली, मग बसली, आणि डोळे पुसले. काका दोन ताटांपलीकडं वाढत होते. त्यांनीही ऐकलं होतं. पळी हातात घेऊन ते माझ्याकडे आले आणि मागच्या लोकांकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या काका."

"पन गुरुजी..."

"राहू द्या. भात वाढा."

काकींनी त्यांच्या हातातली पळी घेतली. त्या माझ्यासमोर वाकल्या, माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तीन वर्षं आणि एक मंडई त्यांनी कधी खोदून विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"आज तं जेवून नाई आले ना, गुरुजी?"

"नाही, काकी," मी म्हणालो. "उपाशीच आलो." आणि ताट पुढं केलं.